झारझाखचं सहा तासांचं कुलूप तुम्हाला पटतं का?

सह्यकडा (धागाकर्ता)

ईव्ह ऑनलाईन हा अवकाशातला खेळ खेळणारी बरीच मंडळी इथं आहेत, म्हणून हा धागा काढतोय. मी सात वर्षं खेळतोय, बहुतेक वेळ मालवाहतूक. रात्री मुलगी झोपली की दहा ते साडेअकरा एवढाच वेळ माझा असतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबर २०२३ च्या हॅवॉक विस्तारात झारझाख नावाची सिस्टीम (तारा आणि त्याभोवतीचा भाग) आली. चाच्यांचा अड्डा. तिची चार गेटं, म्हणजे एका सिस्टीममधून दुसरीत जायची दारं, नकाशाच्या चार वेगवेगळ्या भागांत उघडतात: कर्समधलं जी-०क्यू८६, व्हेनलमधलं एच-पीए२९, आणि लोसेकमधल्या (पोलिसांचं संरक्षण कमी असलेल्या भागातल्या) टर्नुर आणि अल्सावोइनॉन. नकाशा बघून कुणालाही वाटेल की आडवाट सापडली. पण तुम्ही ज्या गेटनं आत येता त्याच गेटला बांधले जाता. पुढचे सहा तास बाकीची तीन गेटं तुम्हाला सोडत नाहीत. बाहेर पडायचंच असेल तर आलात तसे मागे फिरा.

मंगळवारी मी टर्नुरहून प्राउलर ही मालवाहू शिप घेऊन आत शिरलो. माल कर्समधल्या एका कॉर्पला (खेळाडूंच्या कंपनीला) शुक्रवारच्या आत पोचवायचा होता. जी-०क्यू८६ च्या गेटवर क्लिक केलं, नकार. पुन्हा केलं, पुन्हा नकार. तेव्हा कुठे नियम नीट वाचला. मागे फिरावं तर टर्नुरच्या गेटवर दोन अनोळखी शिप येऊन बसलेल्या. एका सेफ स्पॉटवर, म्हणजे सहज न सापडणाऱ्या जागी गेलो, सेफ लॉग-ऑफची तीस सेकंदं मोजली आणि झोपलो.

नुकसान काही झालं नाही, पण प्रश्न डोक्यातून जात नाही. खेळात धोका असावा हे मान्य. शत्रूनं अडवलं तर ठीक, तो खेळच आहे. पण गेटनंच घड्याळ दाखवून अडवावं का? ज्याच्याकडे दिवसाचा दीड तास आहे त्याला सहा तास म्हणजे चार रात्री. तुमचं काय मत?

नाखवा

कुलूप योग्य आहे. कामात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

मालवाहू

सह्यकडा, मीही मालवाहतूकवाला, त्यामुळे तुमची तगमग कळते. पण वाट बंद होणं म्हणजे काय हे आम्ही २०२० मध्ये पाहिलंय, त्यापुढे हे सौम्य आहे.

तेव्हा मी जिता ते अमार, या दोन मोठ्या बाजारपेठांमध्ये, फ्रेटर (अवजड मालवाहू शिप) चालवायचो. नऊ-दहा जंप (सिस्टीम ते सिस्टीम उड्या), सगळे हायसेकमधून, म्हणजे पोलिसांच्या पहाऱ्यातून. मधे निआर्जा ही सिस्टीम. तिथे गँकवाले (टोळीनं हल्ला करणारे) टपून असायचे म्हणून एक मित्र पुढे स्काउट ठेवायचा, बाकी वाट पायाखालची. मग ट्रिग्लेव्हियन या खेळातल्या शत्रू जमातीचं आक्रमण आलं. त्यात कुठली सिस्टीम वाचेल आणि कुठली जाईल हे खेळाडूंच्याच हातात होतं. काही जण त्यांना रोखणाऱ्या एडेनकॉमच्या बाजूनं उभे राहिले, काही ट्रिग्लेव्हियनांच्या. या दुसऱ्यांना कायबरनॉट म्हणायचे. निआर्जासाठी रात्रंदिवस झुंज झाली. मी फ्रेटर बंदरात लावून महिनाभर लढलो. हरलो.

ऑक्टोबरमध्ये अशा सत्तावीस सिस्टीम जुन्या जागेवरून उचलल्या गेल्या आणि त्यांचा पोचव्हेन हा वेगळा प्रदेश झाला. जिता-अमार हायसेकनंच जायचं तर पंचेचाळीस जंप. नाहीतर आहबाझोनच्या लोसेकमधून जीव मुठीत धरून. मी माझं भाडं तिप्पट केलं आणि लोकांनी ते दिलंही. वाट तुटली म्हणून माझ्या कामाला किंमत आली. अमारमधली एक वस्तू जिताच्या दीडपट दरानं विकली जाताना मी त्या काळात पाहिली, आणि त्या फरकात माझं घर चाललं. खेळातलं घर!

तिखटमीठ

सगळ्या वाटा मोकळ्या असत्या तर हमालाला कोण विचारतं? मालवाहू यांना +१.

सह्यकडा

मालवाहू, निआर्जाचं पटतं. पण तिथं तुम्ही लढून हरलात. लढण्याची संधी तरी मिळाली. कुलपाशी कसं लढायचं?

भिंगरी

धागाकर्त्यांनी नकाशा परत एकदा बघावा. कर्स कुठे आणि व्हेनल कुठे! एक दक्षिणपूर्वेला, दुसरं उत्तरेला. कुलूप काढलं तर झारझाखमुळे ही दोन टोकं दोन जंपवर येतील. तुमचा प्राउलर जाईलच, पण त्याच्यामागून दोनशे शिपचा ताफाही जाईल. एका संध्याकाळी उत्तरेत लढाई, जेवण करून दक्षिणेत लढाई.

हे आपण आधी भोगलंय. नोव्हेंबर २०१४ च्या फीबी विस्तारापूर्वी कॅपिटल शिप (सगळ्यात अवजड वर्गातली जहाजं) गेटशिवाय, जंप ड्राइव्हनं नकाशाच्या या टोकाहून त्या टोकाला काही मिनिटांत पोचायच्या. दूरवर एक जण सायनो (उडी कुठे मारायची त्याची खूण) पेटवायचा आणि टायटन, सगळ्यात मोठी जहाजं, तिथे उतरायचे. त्याच वर्षीच्या जानेवारीत बी-आर५आरबीची लढाई झाली. एका रात्रीत सत्तरहून जास्त टायटन गेले. बातम्या जगभर झाल्या, पण मी तेव्हा एका छोट्या अलायन्समध्ये होते आणि मला रोजचं चित्र वेगळं दिसायचं. आम्ही कुठे कोपऱ्यात दहा जण चकमक करायचो आणि तिसऱ्या मिनिटाला कुणाचे तरी सुपरकॅपिटल डोक्यावर. कोपरा असा कुठे उरलाच नव्हता.

फीबीनं जंपचा पल्ला कमी केला आणि जंपनंतर साचणारा थकवा आणला. लागोपाठ जंप मारत राहिलात की पुढची जंप मारायला वाट बघत बसावं लागतं. सुरुवातीला लोकांनी खूप शिव्या घातल्या, आमच्यातले दोघं खेळ सोडून गेले. पण त्यानंतरच आमच्या शेजारच्या कॉन्स्टेलेशनमध्ये (सिस्टीमच्या गटात) पहिल्यांदा छोट्या लोकांची छोटी युद्धं सुरू झाली. ‘दूर’ या शब्दाला अर्थ आला. झारझाखचं कुलूप त्याच घराण्यातलं आहे.

अवकाशवेडा_नाशिक

नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. कॅपिटल शिप हायसेकमध्ये येतच नाहीत का? मी जिताबाहेर फ्रेटर पाहिलीय, ती केवढी मोठी असते!

मालवाहू

फ्रेटर चालते, जंप फ्रेटरसुद्धा. कॅरियर, ड्रेडनॉट, टायटन यांना हायसेकचं गेट घेत नाही. पण एक गंमत आहे. फार जुन्या काळी, नियम घट्ट होण्याआधी, एक ड्रेडनॉट हायसेकमध्ये बांधली गेली आणि तिथेच राहिली. तिच्या मालकानं तिच्यावर खाणकामाची यंत्रं चढवली आणि सगळ्यात स्वस्त दगड, वेल्डस्पार, खणत बसला. तिला सगळे वेल्डनॉट म्हणायचे. लोक लांबून बघायला यायचे.

अवकाशवेडा_नाशिक

कमाल! धन्यवाद दादा.

काळोखी

वर्महोलवाल्या लोकांनी यात बोलायलाच हवं. आमचं सगळं आयुष्यच प्रवासबंदीवर चालतं.

मार्च २००९ मध्ये अपोक्रिफामध्ये अडीच हजारांच्या आसपास वर्महोल सिस्टीम आल्या. गेट नाही. सायनो पेटत नाही. लोकलमध्ये (सिस्टीममधल्या सगळ्यांच्या गप्पांच्या खिडकीत) कोण आहे ते दिसत नाही, तो स्वतः बोलेपर्यंत. येण्याजाण्याची वाट म्हणजे एक भोक, आणि त्या भोकाला आयुष्य असतं, वजनाची मर्यादा असते. एकूण किती वजन जाईल हे ठरलेलं, एका वेळी किती जाईल तेही ठरलेलं. आत जाऊन लगेच बाहेर आलात की काही मिनिटं तेच भोक तुम्हाला पुन्हा घेत नाही. हे सगळं माहीत असलं की भोक बंद करणं ही एक कला होते. आम्ही त्याला ‘रोल करणं’ म्हणतो.

एक प्रसंग सांगते. आमचं घर सी-४ वर्गाच्या वर्महोल सिस्टीममध्ये, त्यातून एक वाट सी-३ वर्गाच्या सिस्टीमला पडते. एकूण मर्यादा २०० कोटी किलो, पण प्रत्येक भोक त्यात दहा टक्के इकडेतिकडे असतं. शनिवारची दुपार, सव्वाचार. आपल्याकडे साडेचारला रोजचा डाउनटाईम, सर्व्हर बंद. त्याआधी भोक बंद करायचं होतं, कारण पलीकडे कुणीतरी प्रोब (शोधयंत्रं) टाकून शोधत होतं. आम्ही चौघं: मी पुण्यात, दोघं नागपुरात, एक डब्लिनमध्ये.

माझ्या बॅटलशिपवर हिग्ज अँकर हे उपकरण. त्यानं वजन दुप्पट होतं. इंजिन बंद ठेवून जाताना २० कोटी, इंजिन पेटवून येताना ३० कोटी. म्हणजे एका फेरीला पन्नास. तीन फेऱ्या झाल्या, माझी एक, नागपूरकरांच्या एकेक. दीडशे कोटी. अजून निदान तीस शिल्लक असायला हवे होते. मी भोकाची माहिती उघडली तर ते ‘गंभीर’ दाखवत होतं. गंभीर म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. भोक तसं लहान होतंच, शिवाय आमच्या आधी कुणीतरी त्यातून गेलेलं असणार. डब्लिनवाला म्हणाला, थांब, मी हलकी शिप आणतो. वजन जवळजवळ शून्यावर आणता येईल अशी त्याची शिप होती, पण ती आणायला आठ मिनिटं लागणार होती. घड्याळात चार वीस झाले होते. मी म्हटलं, जातेय.

वीस कोटींचं माझं जहाज पलीकडे पोचलं आणि मागे भोक मिटलं. नुसतं एक आकसणं, मग काळोख. अनोळखी सिस्टीम, माझ्याकडे प्रोब नाहीत, म्हणजे बाहेरची वाट शोधण्याचं साधनच नाही. सेफ स्पॉट केला आणि डाउनटाईम लागला. त्यानंतर पोरांनी तीन दिवस रोज संध्याकाळी घरातून भोकं शोधत, एकातून दुसऱ्यात जात माझी सिस्टीम हुडकून काढली. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दादानं लोकलमध्ये ‘ताई, आलो’ लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या तीन दिवसांतल्यासारखा खेळ मी नंतर खेळलेली नाही. गेट असतं तर दोन मिनिटांत घरी गेले असते, आणि त्या दादाशी माझी ओळख ‘हाय-बाय’ पलीकडे गेली नसती.

नागपुरी_संत्र

तो दादा मीच. अकरा भोकं पार केली होती, ताईनं आकडा सांगितला नाही.

धूमकेतू

थोडं अवांतर. मी एलिट डेंजरस या दुसऱ्या अवकाश-खेळातला. आमच्याकडे चाळीस हजार कोटी ताऱ्यांची आकाशगंगा आहे, पण सूर्यमालेत यायला परवाना लागतो! फेडरेशनच्या नौदलासाठी कामं करत करत पेटी ऑफिसर हुद्दा मिळाला की सोलचा परवाना मिळतो. साम्राज्याच्या राजधानीला, आखेनारला जायचं तर तिकडे स्क्वायर व्हावं लागतं. शिनरार्टा डेझ्रा ही सिस्टीम तर एलिट रँक मिळाल्याशिवाय नाहीच.

मला सोलचा परवाना मिळायला सहा आठवडे लागले. पहिल्यांदा शनीजवळ थांबलो तेव्हा आईला हाक मारून स्क्रीनवर दाखवलं. पहिल्या दिवसापासून जाता आलं असतं तर मी आईला हाक मारली असती असं वाटत नाही.

पण एक बाजू सह्यकडा यांचीही. आमच्याकडे कोल ७० सेक्टरसारखे भाग आहेत जिथला परवाना मिळतच नाही. काय केल्यानं मिळेल हेही कुणी सांगत नाही. आता मी तिकडे बघणंही सोडलंय. बंद दाराला किल्ली असते एवढी तरी आशा हवी.

काळोखी

इथं माझं मत उलट आहे. ईव्हमध्ये जोव्ह या जमातीचे तीन प्रदेश नकाशावर दिसतात: यूयूए-एफ४, ए८२१-ए, जे७एचझेड-एफ. खेळाडूला वाट नाही, कधीच नव्हती. तरी नकाशा उघडला की माझं बोट तिकडे जातंच. सगळं पायाखाली आलेलं विश्व मला लहान वाटलं असतं.

दऱ्याखोऱ्या

धूमकेतू यांच्या परवान्यावरून आठवलं. मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, त्याच्यामुळे हा धागा वाचला. आम्ही कोल्हापूरचे पाच जण मोटारसायकलवरून तवांगला गेलो होतो. अरुणाचलला इनर लाईन परमिट लागतं. मूळ कायदा इंग्रजांचा, १८७३ चा. आज अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ पासून मणिपूरला ही पद्धत आहे.

भालुकपोंगच्या नाक्यावर पोलिसानं आमचे कागद एकेक करून पाहिले. माझ्या परमिटवर आडनावाचं स्पेलिंग आधार कार्डाहून वेगळं पडलं होतं. त्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली, बसा म्हणाला, आणि आत जाऊन फोन लावला. पाऊण तास. तेवढ्यात पाऊस आला, त्याच्याच टपरीवजा चौकीत सगळे उभे राहिलो, त्यानं चहा मागवला. त्यानं सांगितलं की ही रेघ आहे म्हणून आमच्या जमिनी आमच्या राहिल्या. तोवर आम्हाला परमिट म्हणजे नुसता त्रास वाटत होता. बंधन कुणासाठी आहे हे पलीकडच्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

तिखटमीठ

दऱ्याखोऱ्या काका, सुंदर लिहिलंत. तवांगवर वेगळा धागा काढाच. आणि मुलाचं शिप कुठलं ते विचारून सांगा, आमच्या कॉर्पमध्ये जागा आहे.

उणे_आठ

चाच्याची बाजू कुणीच मांडत नाही म्हणून मी. माझा सिक्युरिटी स्टेटस (कायदा पाळण्याचे गुण) उणे आठ. उणे दोनच्या खाली गेलात की १.० च्या, म्हणजे सगळ्यात सुरक्षित सिस्टीममध्ये पोलीस मागे लागतात, मग अर्ध्या-अर्ध्या गुणानं एकेक पायरी बंद होत जाते. उणे साडेचारला ०.५ पण गेलं. उणे पाचच्या खाली कुणीही मला कुठेही मारू शकतो. म्हणजे तुम्हा सगळ्यांचा राजरस्ता माझ्यासाठी काट्यांचा आहे. मी तक्रार करत नाही, मी निवडलंय ते. झारझाख ही एक जागा अशी आहे जिथं माझ्यावर आणि माल घेऊन आलेल्या सज्जन माणसावर नियम अगदी एकच आहे. दोघांनाही सहा तास. मला ते आवडतं.

आणि सह्यकडा, मंगळवारी टर्नुरच्या गेटवर बसलेल्या दोघांत मी नव्हतो. शपथ.

सह्यकडा

उणे_आठ, विश्वास ठेवला!

सगळं वाचून माझा मुद्दा जरा नीट मांडता येतोय. काळोखीताईंचं भोक वजनाचं आहे. धूमकेतूंचा परवाना कामाचा आहे. उणे_आठ यांची बंदी त्यांच्या कृत्यांची आहे. या तिन्हींत मी काहीतरी करू शकतो: हलकी शिप आणू शकतो, हुद्दा कमवू शकतो, स्टेटस सुधारू शकतो. वेळेच्या कुलपात मी फक्त थांबू शकतो. आणि थांबायचं म्हटलं की ते खेळातल्या माणसावर पडत नाही, घरातल्या माणसावर पडतं. माझा आक्षेप तेवढाच आहे.

नाखवा

आता बसलोय, सविस्तर लिहितो. याच मुद्द्यावर मला बोलायचं होतं.

सह्यकडा, तुम्ही म्हणालात सहा तास म्हणजे चार रात्री. हा हिशोब चुकतोय. कुलूप तुम्ही खेळलेल्या तासांचं नाही, भिंतीवरच्या घड्याळाचं आहे. तुम्ही रात्री साडेदहाला आत शिरलात, साडेअकराला झोपलात. पहाटे साडेचारला कुलूप निघालं. तुम्ही, मुलगी, बायको सगळे झोपेत. दुसऱ्या रात्री दहाला याल तेव्हा चारही गेटं मोकळी. तुम्हाला लागली ती एक रात्र.

आता भिंगरीताईंचा ताफा घ्या. दोनशे माणसं एका वेळी जमवलेली. त्यांना सहा तास थांबवून ठेवणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. अर्धे झोपतील, अर्धे कामाला जातील, सहा तासांनी पन्नास उरतील. तेव्हा हे कुलूप ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याच्यावर पडतच नाही, ज्याला घाई आहे त्याच्यावर पडतं. रोज थोडं थोडं खेळणाऱ्या एकट्या माणसाला झारझाख ही एका मुक्कामाची वाट आहे. पूर्वी घाटाखाली बैलगाड्या रात्रभर सोडायच्या आणि पहाटे चढायच्या, तसं समजा. माझे आजोबा वरंधा घाटानं महाडला माल न्यायचे, मुक्काम धरूनच सगळा हिशोब असायचा.

भिंगरी

नाखवा, हे मलाही सुचलं नव्हतं. दंडवत.

मालवाहू

हिशोब बरोबर, पण शुक्रवारची मुदत असेल आणि माणूस गुरुवारी रात्री शिरला तर? सगळ्यांचाच माल मंगळवारी निघत नाही.

नाखवा

मग त्यानं त्या वाटेनं जाऊ नये. लांबच्या वाटा आहेतच की.

सह्यकडा

बुधवारी रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी लॉग-इन केलं. नाखवांचं म्हणणं खरं निघालं. जी-०क्यू८६ च्या गेटनं एका क्लिकमध्ये सोडलं. पलीकडे कर्समध्ये गेटपासून जरा लांब एक शिप होती, तिनं माझ्यावर नेम धरेपर्यंत मी वॉर्पमध्ये (वेगवान प्रवासात) गेलो होतो. माल साडेदहाला पोचवला. त्या कॉर्पचा माणूस ब्राझीलचा, त्यानं विचारलं की टर्नुरहून इतक्या लवकर कसा आलास. मी म्हटलं, वाटेत झोपून आलो.

एक आग्रह अजून सोडत नाही. गेटमधून आत टाकण्याआधी नियम ठसठशीत समोर यायला हवा, नकार मिळाल्यावर शोधायची वेळ नको. नवा माणूस जाईल त्याला आपण तरी सांगत जाऊ. अवकाशवेडा_नाशिक, तुम्ही लक्षात ठेवा.

अवकाशवेडा_नाशिक

वहीत लिहून ठेवलं.

मालवाहू

सह्यकडा, परतताना रिकामे येऊ नका. माझे कर्समध्ये पडून असलेले काही मॉड्यूल आहेत, दोन हजार घनमीटरच्या आत बसतील. आज रात्री झारझाखमध्ये मुक्काम टाकलात तर उद्या रात्री टर्नुरला मी घ्यायला येतो. भाडं तुम्ही सांगाल ते.

सह्यकडा

चालेल. दहा वाजता निघतो. टर्नुरच्या गेटवर उद्या एक स्काउट ठेवाल का?

उणे_आठ

मी थांबतो गेटवर. तसाही तिथेच असतो.